पोटात गोळा, पुस्तकात गोंधळ

वाचायला अडखळणाऱ्या मुलांच्या पालकांची पत्रं या वेळी बरीच आली, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात पोटाची काहीतरी तक्रार होती. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षिका यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. चार महिन्यांपूर्वी डिस्लेक्सियाचं (वाचायला शिकण्यातल्या मुळातल्या अडचणीचं) निदान झालं. त्याच सुमारास सकाळी बेंबीभोवती पोट दुखायला लागलं. दप्तर भरेपर्यंत बरा असतो, बूट घालायची वेळ आली की पोट धरून बसतो. सुट्टीच्या दिवशी काही नाही. सोनोग्राफीत पोटात गाठी दिसल्या, त्यामुळे सासूबाई टीबीच्या धास्तीत आहेत. मुलाचे बाबा म्हणतात, शाळा बुडवायची नाटकं आहेत. नक्की काय समजायचं?
— एक आई, सातारा

उत्तर : तुमच्या मुलाचं पोट खरंच दुखतं, हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करा. भीती वाटली की ‘पोटात गोळा आला’ असं आपण म्हणतो, ते अक्षरशः खरं आहे. मेंदूला धोका जाणवला की ताणाची संप्रेरकं सुटतात, जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सकाळी घास उतरत नाही, मळमळतं आणि नेमकं निघताना संडासला धावावं लागतं. हे महिनोन्‌महिने चाललं तर आतड्यांच्या नसा हळव्या होतात आणि गॅसचा साधा ताणही कळ म्हणून जाणवतो.

आता वर्गात डोकावून बघा. बाई ओळीनं एकेक परिच्छेद वाचायला सांगतात. ‘प्रार्थना’ हा शब्द ज्याला तीनदा तोडून वाचावा लागतो, तो मुलगा धडा ऐकत नसतो. आपल्या आधी किती डोकी उरली ते मोजत असतो. घरी बूट घालतानाच त्याची ही मोजणी सुरू होते.

गाठींबद्दल : मुलांच्या पोटात लसिकाग्रंथी (जंतूंशी लढणाऱ्या छोट्या गाठी) असतातच आणि सोनोग्राफीत त्या सहज दिसतात. आडवा व्यास ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि मूल एरवी निरोगी असेल, तर बहुतेक वेळा त्यांना काही अर्थ नसतो. नुसत्या त्या अहवालावर टीबीची औषधं सुरू करू नका.

मात्र पुढचं काहीही दिसलं तर ताणाचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका : वजन घटणं किंवा उंची थांबणं, शौचात रक्त, दुखण्यानं रात्री झोपेतून उठणं, वारंवार उलट्या (हिरव्या असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या), लांबलेला ताप, तोंडात सारखे छाले, घरात कुणाला आतड्यांचा जुनाट आजार. दुखण्याची जागाही बोलते. १९५० च्या दशकात ब्रिस्टलचे डॉ. जॉन अ‍ॅपली यांनी एक हजार शाळकरी मुलं तपासली, तेव्हा दहातल्या एकाला वारंवार पोटदुखी होती आणि बहुतेकांत शारीरिक आजार सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा संशय जास्त, हा त्यांचा आडाखा आजही कामाला येतो. मुलाला एका बोटानं जागा दाखवायला सांगा. तळहात बेंबीवर फिरवला तर थोडं निर्धास्त व्हा. बोट उजवीकडे खाली टेकलं तर डॉक्टरांनी हात लावून बघायलाच हवं.

दोन आठवडे एक वही ठेवा. रोज एकच ओळ : किती वाजता दुखलं, कुठे, शौच कशी झाली, काय खाल्लं आणि त्या दिवशी शाळेत काय होतं. शेवटचा रकाना पालक गाळतात, आणि उत्तर बहुतेकदा तिथेच असतं. श्रुतलेखनाचे किंवा मोठ्यानं वाचायचे दिवस आणि दुखण्याचे दिवस जुळले, तर ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. मागणी एकच आणि नेमकी करा : न सांगता मोठ्यानं वाचायला उठवू नये. वाचायचाच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी ठरवून द्यावा, म्हणजे घरी चार वेळा वाचून जाता येईल.

सकाळी ‘आज दुखतंय का?’ असं विचारू नका. दुखण्याकडे जितकं लक्ष द्याल तितक्या तक्रारी वाढतात आणि मन दुसरीकडे वळवलं की कमी होतात, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. तो स्वतःहून म्हणाला, तर ‘कळलं, दुखतंय. पाच मिनिटं श्वास घेऊ आणि निघू’ एवढंच म्हणा. पोटावर हात ठेवून चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. घरी ठेवायचीच वेळ आली तर दिवस कंटाळवाणा जाऊ द्या. टीव्ही नाही, मोबाइल नाही, बाहेरचा खाऊ नाही.

प्रश्न : शरीरातलं नव्वद टक्के सिरोटोनिन (नसांमध्ये निरोप पोचवणारं एक रसायन) आतड्यात तयार होतं आणि आतडं सुधारलं की डिस्लेक्सिया जातो, असं एका व्याख्यानात ऐकलं. गहू, दूध, तांदूळ, साखर सगळं बंद करून हाडांचं सूप आणि प्रोबायोटिक (आतड्याला उपयोगी मानल्या जाणाऱ्या जंतूंचं औषध) द्यायला सांगितलं. मुलीच्या रक्ताचा ‘फूड इनटॉलरन्स’ अहवालही आणला, त्यात एकोणीस पदार्थ लाल रंगात आहेत. सुरू करू का?
— एक वडील, पुणे

उत्तर : करू नका.

सिरोटोनिनचा आकडा बरोबर आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. आतड्यातलं सिरोटोनिन आतड्याच्या हालचालींसाठी वापरलं जातं. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडत नाही, मेंदू स्वतःपुरतं वेगळं तयार करतो. आतड्यातले जंतू आणि मेंदू यांच्या नात्यावर गंभीर संशोधन चालू आहे, पण प्रोबायोटिकनं डिस्लेक्सिया असलेल्या मुलांचं वाचन सुधारतं असं त्यातून सिद्ध झालेलं नाही.

डिस्लेक्सियाचं मूळ भाषेच्या ध्वनींशी आहे. ‘कमळ’ या शब्दातून ‘क’ काढला तर काय उरतं, हे अशा मुलाला चटकन सांगता येत नाही, कारण शब्दाचे ध्वनी सुटे करून हाताळणं मेंदूच्या डाव्या बाजूच्या वाचनजाळ्याला जड जातं. देवनागरीत त्याच्या खुणा ओळखू येतात. घ-ध, भ-म, थ-य यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतो, जोडाक्षर अर्धंच वाचलं जातं. पहिली वेलांटी तर मुद्दाम गोंधळात पाडायला काढल्यासारखी आहे : ‘मि’ लिहिताना ती ‘म’च्या आधी दिसते आणि उच्चारताना नंतर येते.

हे बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या सुमारे ५२ हजार प्रौढांची तुलना दहा लाखांहून जास्त इतरांशी केली गेली आणि जनुकांतल्या ४२ जागा त्याच्याशी निगडित सापडल्या. १८९६ मध्ये इंग्लंडच्या डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी असा एक मुलगा पहिल्यांदा नोंदवला. चौदा वर्षांचा, हुशार, गणितात चांगला, पण ‘पर्सी’ हे स्वतःचं नाव लिहिताना अक्षरं उलटसुलट करणारा. पुन्हा पुन्हा लक्षात आणून दिल्याशिवाय चूक त्याच्या ध्यानात येत नव्हती.

आतड्याशी धागा जोडायचा प्रयत्न मात्र नवा नाही. १९८२ मध्ये बोस्टनचे नॉर्मन गेश्विंड आणि ग्लासगोचे पीटर बेहन यांनी मांडलं, की डावखुऱ्यांमध्ये शिकण्याच्या अडचणी आणि थायरॉइड व आतड्यांचे रोगप्रतिकारशक्ती बिघडल्यानं होणारे आजार जास्त दिसतात. कल्पना इतकी आकर्षक होती की पुढची अनेक वर्षं लोक ती तपासत राहिले. मोठ्या संख्येनं माणसं घेतल्यावर ती सातत्यानं टिकली नाही.

तुम्हाला सांगितलेला आहार ब्रिटनमधून आलेला ‘गॅप्स’ आहार दिसतो. वरण-भात, भाकरी, पोळी, बटाटा सगळं एकदम गेल्यावर वाढत्या मुलीच्या ताटात ऊर्जा कुठून येणार? वजन घटतं, कॅल्शियम कमी पडतं आणि डबा वेगळा असल्यामुळे मधल्या सुट्टीत ती एकटी पडते. त्या एकोणीस लाल रेघांचंही सांगतो. या चाचणीत आयजीजी नावाची रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणं स्वाभाविक आहे, म्हणून अहवालात गहू, दूध, अंडं, शेंगदाणे हमखास येतात. अ‍ॅलर्जी किंवा न पचणं त्यातून कळत नाही. युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच या चाचणीविरुद्ध मत दिलं आहे.

दुधाची शंका असेल तर ती फुकटात तपासता येते. सकाळचा दुधाचा पेला दोन आठवडे बंद ठेवा, दही-ताक चालू ठेवा, मग पुन्हा पेला सुरू करा. बंद असताना पोट शांत आणि सुरू केल्यावर तासा-दोन तासांत गुडगुड, गॅस, पातळ शौच असं झालं, तर दुधातली साखर पचत नाही. मग दह्यावर भागवा. वाचनात त्यानं फरक पडणार नाही, पण पहिल्या तासाला पोट गुडगुडणार नाही.

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, वर्गात सगळ्यांत बुटकी. पोट फुगलेलं, शौच पातळ, हिमोग्लोबिन ८.२. वाचनात मागे आहे म्हणून शिक्षकांनी डिस्लेक्सियाची तपासणी सुचवली. नणंद म्हणते गहू बंद करून बघ. करू का?
— एक आई, नागपूर

उत्तर : तुमच्या मुलीचं पोट आधी, आणि लगेच तपासायला हवं. खुंटलेली उंची, पातळ शौच आणि रक्तक्षय एकत्र आले की सीलिअ‍ॅक आजाराचा विचार करावाच लागतो. गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं, अस्तर सपाट होतं आणि लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत.

चाचणी होईपर्यंत गहू अजिबात बंद करू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. गहू बंद केला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, अस्तर भरून येतं आणि चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येते. मग निदानासाठी बऱ्या झालेल्या मुलीला पुन्हा कित्येक आठवडे पोळ्या खायला घालायची वेळ येते. रोज पोळी चालू ठेवून रक्ताच्या दोन चाचण्या एकत्र करा : टीटीजी-आयजीए (सीलिअ‍ॅकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं) आणि एकूण आयजीए (या प्रकारची सगळी प्रतिपिंडं मिळून). दुसरी गाळू नका. काही मुलांत आयजीए मुळातच कमी असतं, अशा वेळी पहिली चाचणी आजार असूनही नॉर्मल दिसते. पुढे बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासतात.

निदान पक्कं झालं तर गहू आयुष्यभर बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा हे सगळं आपल्याकडे आहेच, त्यामुळे स्वयंपाक अडत नाही. अडतं ते लपलेल्या गव्हापाशी. डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू पडतो. रवा आणि शेवया म्हणजे गहूच, माल्टच्या पेयांत जव असतं. आणि गिरणी! गव्हाच्या मागोमाग ज्वारी दळली की पहिली पायली गव्हाच्या पिठात मिसळूनच येते. घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका. पोळपाट-लाटणं आणि पिठाची चाळणीही वेगळी ठेवा.

सीलिअ‍ॅक नाही निघाला तरी ८.२ हिमोग्लोबिनवर उपचार हवेतच. लोह कमी असलेलं मूल थकतं, लक्ष टिकत नाही, आणि वाचन मागे पडण्याचं ते एक वेगळं कारण असू शकतं. शौचाच्या तपासणीत जंत बघा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायची असते. मुलं ती खिशात घालून घरी आणतात, तेव्हा तेवढं विचारा. लोहाची मात्रा वजनावर ठरते. किलोमागे ३ मिलिग्रॅम शुद्ध लोह दिलं जातं, म्हणजे १८ किलोच्या मुलीला ५४ मिलिग्रॅम. बाटलीवर क्षाराचं वजन वेगळं आणि शुद्ध लोहाचं वेगळं लिहिलेलं असतं, ते डॉक्टरांकडून समजून घ्या. दूध आणि चहा दोन तास लांब ठेवा, सोबत लिंबाचं पाणी द्या. शौच काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं की पालक औषध थांबवतात. तसं करू नका, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने ते चालू ठेवावं लागतं.

वाचनाची तपासणी त्यानंतर करा. रक्त सुधारून तीन-चार महिने झाले आणि तरीही अक्षरं जुळत नसतील, तर ती अडचण तिची स्वतंत्र आहे.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दोन्ही. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची गोळी चालू केल्यापासून डबा तसाच परत येतो. शाळेतल्या संडासात जात नाही, चार-चार दिवस होत नाही आणि चड्डीला मात्र डाग असतात. ओरडलो, शिक्षा केली, उपयोग नाही.
— एक वडील, नाशिक

उत्तर : शिक्षा आजपासून थांबवा. ते डाग त्याच्या हातात नाहीत.

रोखून धरलेला मळ मोठ्या आतड्यात साठतो, पाणी शोषलं जाऊन दगडासारखा होतो आणि आतडं ताणून सैल करतो. ताणलेल्या आतड्याची ‘जायला हवं’ ही जाणीव बोथट होते. वरून येणारा पातळ मळ त्या गोळ्याच्या कडेनं झिरपतो आणि मुलाला कळतही नाही. पालक त्याला जुलाब समजून औषध देतात, त्यानं बद्धकोष्ठ आणखी पक्कं होतं. एडीएचडी असलेल्या मुलांत हा त्रास इतर मुलांपेक्षा जास्त दिसतो, कारण खेळ सोडून उठायचं भान राहत नाही.

आधी साठलेलं बाहेर काढावं लागतं. केळी-पपईनं ते होत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मळ मऊ करणाऱ्या औषधाची पूड पाण्यात विरघळवून दिली जाते : साफ होईपर्यंत किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, तीन ते सहा दिवस, तेही सुट्टीत. मग रोज किलोमागे साधारण ०.४ ग्रॅम, म्हणजे २५ किलोच्या मुलाला १० ग्रॅम. नेमकी मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. हे औषध निदान दोन महिने चालतं आणि सगळं सुरळीत झाल्यावरही महिनाभर ठेवून मग हळूहळू कमी करतात. पहिल्या पंधरवड्यात पोट साफ झालं म्हणून बंद केलं की महिन्यात पुन्हा तेच.

बसायची वेळ जेवणानंतरची ठेवा. जेवल्यावर मोठं आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्या. नाश्ता आणि रात्रीचं जेवण झालं की पाच ते दहा मिनिटं बसायचं, झालं नाही तरी चालेल. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. चोथा किती, तर वयात पाच मिळवा : दहा वर्षांच्या मुलाला रोज पंधरा ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ आणि एक पेरू एवढ्यात तो भागतो.

मिथाइलफेनिडेटनं भूक जाते, पोटही दुखू शकतं. गोळी नाश्त्याआधी देत असाल तर क्रम बदला : आधी पोटभर नाश्ता, मग गोळी. दुपारचा डबा छोटा ठेवा आणि खरं जेवण संध्याकाळी, गोळीचा असर उतरल्यावर द्या. वजन-उंची दर तीन ते सहा महिन्यांनी मोजून लिहून ठेवा. वजन वाढायचं थांबलं तर गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना आकडे दाखवा. ही गोळी लक्ष टिकवण्यासाठी आहे. डिस्लेक्सियासाठी गोळी नाही, वाचन वेगळं शिकवावंच लागतं.

प्रश्न : माशाच्या तेलाच्या कॅप्सूलनं वाचन सुधारतं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तशी आशा होती. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑक्सफर्डच्या प्रयोगात वाचनात मागे असलेल्या ७ ते ९ वर्षांच्या ३६२ मुलांना सोळा आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डीएचए (माशाच्या तेलातलं ओमेगा-३ मेदाम्ल) किंवा त्यासारखीच दिसणारी खोटी कॅप्सूल दिली गेली. सगळी मुलं धरून फरक दिसला नाही, फक्त वाचनात सर्वांत मागच्या पाचव्या हिश्श्यात थोडी सुधारणा दिसली. वाचनात तितक्याच मागे असलेल्या दुसऱ्या ३७६ मुलांवर तोच प्रयोग पुन्हा करून २०१८ मध्ये निकाल आला, तेव्हा तो फायदा दिसला नाही. तुमच्या बाजारात बांगडा आणि तारली स्वस्त मिळते, ती आठवड्यातून दोनदा ताटात असू द्या. कॅप्सूलचे पैसे वाचनाच्या शिकवणीला लावा.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा झाला. तपासणी कुठे आणि कशी? परीक्षेच्या दिवशी हमखास पोट बिघडतं, त्याचं काय करावं?
— एक आजी, ठाणे

उत्तर : तपासणी मातृभाषेत व्हायला हवी. मराठी शाळेतल्या मुलाची फक्त इंग्रजी चाचणी घेऊन निदान करू देऊ नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाची चाचणी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आलेली आहे, डिस्लेक्सिया तिच्यातच मोडतो. आठ वर्षं पूर्ण झाली की सरकारी मान्यता असलेल्या रुग्णालयातून प्रमाणपत्राची वाट मोकळी होते, आणि त्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

आजी म्हणून तुम्ही रोज करू शकाल असं एक काम आहे. संध्याकाळी पंधरा मिनिटं, पुस्तक न उघडता, ध्वनींचा खेळ : ‘पाऊस’मधला ‘पा’ काढ, काय उरलं? ‘काम’च्या ‘का’ऐवजी ‘ना’ घाल, काय झालं? मग रव्यानं भरलेल्या ताटात बोटानं एकच अक्षर मोठ्यानं म्हणत गिरवायचं. घ आणि ध एकाच दिवशी घेऊ नका. घ पक्का झाल्यावर आठवड्यानं ध घ्या.

परीक्षेच्या सकाळी नवा पदार्थ नको, तुपकट किंवा तळकट काही नको, पोटभर दूधही नको. मऊ भात किंवा पोहे निघायच्या तासभर आधी, थोडे. घरून निघताना संडासला बसू द्या, घाई करू नका. आणि पर्यवेक्षकांना एक चिठ्ठी आधीच देऊन ठेवा : वर्गासमोर हात वर करून परवानगी न मागता, फक्त मान हलवून त्याला उठून जाता यावं. उठायची मोकळीक आहे हे माहीत असलं की बऱ्याच मुलांना उठावंच लागत नाही.